पुढची काच, नो क्लेम बोनस आणि पाच वर्षांचा हिशोब

मी कोल्हापुरात मोटार विम्याचं काम करतो. गाडीची पुढची काच तडकली की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काच क्लेममध्ये बसते का?" पॉलिसी फुल असेल तर बसते, आणि बऱ्यापैकी पैसे मिळतात. पण क्लेमचे पैसे घेतल्यावर पुढच्या पाच वर्षांत आपण प्रीमियममधून किती परत भरतो, हे फार थोडे जण विचारतात. खाली दिलेलं प्रकरण कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका सरांचं आहे. त्यांना विचारून, नावगाव वगळून लिहितो आहे. त्यात हा हिशोब अथपासून इतिपर्यंत करावा लागला.

सर आणि वहिनी एप्रिल २०२५ मध्ये कणकवलीहून परत येत होते. फोंडा घाट चढून दाजीपूरच्या अलीकडे पुढे खडीचा डंपर होता, वर ताडपत्री नव्हती. वळणावर एक खडा उसळला आणि काचेवर, आरशाच्या खाली डाव्या बाजूला, टकदिशी बसला. रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान खपली आणि तिच्याभोवती चांदणीसारखे बारीक पाय. डंपरचा नंबर घ्यायचा कुणाला सुचलं नाही, आणि सुचून फार उपयोगही झाला नसता. दुसऱ्याच्या गाडीकडून भरपाई मागायची तर पोलिसांत नोंद, मग दावा न्यायाधिकरणाच्या खेपा. एवढ्याशा रकमेसाठी ते कुणी करत नाही. आपल्या पॉलिसीतला ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, भाग अशा वेळी कामाला येतो, चूक कुणाची हे तिथे सिद्ध करावं लागत नाही.

खपली एवढीच असते तेव्हा काच बदलायची गरज नसते. पुढची काच लॅमिनेटेड असते: काचेचे दोन पातळ थर आणि मध्ये प्लॅस्टिकचा चिवट पापुद्रा. खडा लागतो तेव्हा सहसा बाहेरचाच थर दुखावतो. कारागीर त्या खपलीतली हवा ओढून घेतो, आत रेझिन भरतो आणि अतिनील दिव्याखाली ते घट्ट करतो. काम तासाभरात होतं, खर्च शेकड्यांत, फार तर हजार-दीड हजार. अट एवढीच की खपली लहान असावी, काचेच्या कडेला नसावी, चालवणाऱ्याच्या थेट नजरेसमोर नसावी, आणि आत धूळ-पाणी गेलेलं नसावं. म्हणून खपली पडली की पहिलं काम म्हणजे त्यावर साधी पारदर्शक सेलोटेप लावायची. सरांची खपली दुरुस्तीत बसणारी होती, पण परीक्षेचे पेपर तपासायचे होते आणि गाडी तशीच फिरत राहिली. मग एका दुपारी उन्हात तापलेली गाडी सुरू करून त्यांनी एसीचा झोत थेट काचेवर सोडला. बाहेरून काच भाजलेली, आतून अचानक गार. चांदणीच्या एका पायातून चीर निघाली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत उजव्या कडेपर्यंत गेली. कडेला पोचलेल्या चिरेवर रेझिनचा इलाज नाही. आता काच बदलायचीच होती.

सरांचा फोन आला. "दादा, क्लेम टाकून द्या. इतकी वर्षं हप्ते भरतोय, एकदा तरी उपयोग होऊ दे."

मी म्हटलं, "सर, आधी वर्कशॉपमधून नुसतं एस्टिमेट घ्या. क्लेमची नोंद आज नको. एस्टिमेट घेतल्यानं काही बिघडत नाही."

पॉलिसी आणि बिल

गाडी ऑगस्ट २०१९ ची, ११९७ सीसीची पेट्रोल हॅचबॅक. पॉलिसी पॅकेज, म्हणजे लोक जिला फुल इन्शुरन्स म्हणतात ती. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरती पॉलिसी, असती तर विषय तिथेच संपला असता, कारण थर्ड पार्टीत स्वतःच्या काचेचा एक पैसाही मिळत नाही. झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांच्या जुनेपणापोटी पैसे (घसारा) न कापण्याचं कव्हर, घेतलेलं नव्हतं. कन्झ्युमेबल्सचं, म्हणजे कामात वापरून संपणाऱ्या सामानाचं, कव्हरही नव्हतं. नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, मात्र पूर्ण ५० टक्के, कारण गाडी घेतल्यापासून एकही क्लेम नाही.

कंपनीच्या वर्कशॉपचं एस्टिमेट करासकट १०,८०० रुपयांचं आलं. काच ७,४००, कडेचं रबरी बीडिंग ८००, सीलंट आणि प्रायमर १,१००, मजुरी १,५००.

यातलं विमा कंपनी काय देते ते ओळीनं पाहू. झिरो डेप नाही म्हणून सर घाबरले होते, पण काचेच्या बाबतीत ती भीती फोल आहे. साध्या पॅकेज पॉलिसीतही काचेच्या भागांवर घसारा शून्य धरतात, गाडी कितीही जुनी असो. रबर, नायलॉन, प्लॅस्टिकवर मात्र ५० टक्के कापतात. म्हणजे काचेचे ७,४०० पूर्ण, बीडिंगचे ४००, मजुरीचे १,५००. सीलंट आणि प्रायमर हे कन्झ्युमेबल्समध्ये मोडतात, त्यामुळे त्याचे पैसे नाहीत. झाले ९,३००. त्यातून सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममधला आपण सोसायचा ठरावीक वाटा, जाते: १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्यावरच्या गाडीला २,०००. सरांच्या हाती पडणार ८,३००, खिशातून जाणार २,५००.

"मग चांगलंच आहे की," सर म्हणाले.

बोनस घसरतो तेव्हा

आता दुसरी बाजू. नो क्लेम बोनस २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा दर वर्षी एक पायरी वर चढतो आणि एकाच क्लेमनं थेट शून्यावर येतो. क्लेम आठ हजारांचा असो की दोन लाखांचा, घसरण तेवढीच. हा बोनस फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं आणि १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीला ते २०२५ मध्ये ३,४१६ रुपये होते, बोनस असो वा नसो. म्हणून पॉलिसीवरची एकूण रक्कम पाहून हिशोब करू नये, ओन डॅमेजची ओळ शोधावी.

सरांच्या पॉलिसीत बोनस वजा करण्याआधीचं ओन डॅमेज ७,२०० होतं. बोनस गेला की ऑगस्टच्या नूतनीकरणाला ३,६०० जास्त, त्यावर १८ टक्के जीएसटी ६४८, एकूण ४,२४८. जवळजवळ सगळे इथेच थांबतात: ८,३०० मिळाले, ४,२४८ गेले, चार हजारांचा फायदा. वर्कशॉपच्या काउंटरवरही हाच हिशोब सांगतात आणि तो अर्धाच असतो, कारण बोनस पुढच्या वर्षी परत ५० होत नाही. तो २० होतो.

क्लेम न करणारा माणूस दर वर्षी ५० टक्क्यांवर बसून असतो. क्लेम केलेला माणूस पहिल्या नूतनीकरणाला शून्यावर, मग २०, २५, ३५, ४५ असं करत सहाव्या नूतनीकरणाला ५० वर पोचतो. दोघांमधला फरक पहिल्या वर्षी ५०, मग ३०, २५, १५ आणि ५. बेरीज १२५ टक्के. म्हणजे पूर्ण बोनस असलेल्या माणसाचा एक क्लेम त्याला एका वर्षाच्या पूर्ण ओन डॅमेजच्या सव्वापट पडतो, आणि त्यावर जीएसटी. सरांच्या बाबतीत ७,२०० च्या सव्वापट ९,०००, करासह १०,६२०. गाडीची किंमत दर वर्षी उतरते तसा ओन डॅमेजही थोडा उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून काहीसा कमी निघेल. तरी ८,३०० मिळवायला त्याच्या आसपासची किंवा जास्तच रक्कम मोजायची, असा हा सौदा होता.

बोनस ज्या पायरीवर असतो त्यावर हे गणित बदलतं, आणि ते प्रत्येकानं आपल्या पॉलिसीवरून काढून बघावं. सध्या ४५ किंवा ५० टक्के असेल तर १२५ टक्के. ३५ असेल तर १२०. २५ असेल तर १०५. २० असेल तर ८०. नवीन गाडीचं पहिलंच वर्ष असेल, बोनस अजून सुरूच झाला नसेल, तर ५०. हे आकडे मी बोनसची पायरी एकेका वर्षानं वर सरकवून काढले आहेत, कागद-पेन घेऊन कुणालाही पडताळता येतील. त्याच वर्षात आधीच एखादा क्लेम झालेला असेल तर बोनस तसाही गेलेला असतो. मग काचेच्या क्लेमनं बोनसचं आणखी नुकसान होत नाही, तेव्हा बिनदिक्कत करावा. आणि एनसीबी प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घेतलेलं असेल तर आधी त्याचे शब्द वाचावेत, कारण वर्षाला किती क्लेमपर्यंत बोनस टिकतो हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

खिशातून बदलायची तर किती?

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. क्लेमचा फायदा वर्कशॉपच्या बिलाशी ताडून बघायचा नसतो. तेच काम बाहेर चोख कितीत होतं, त्याच्याशी ताडायचा असतो.

उद्यमनगरात काच बसवणारे जुने कारागीर आहेत. त्यांच्यातल्या एकानं सगळं मिळून ७,८०० सांगितले, काच त्याच कंपनीची. हे खरं की खोटं हे काचेच्या कोपऱ्यातल्या छाप्यावरून कळतं. प्रत्येक पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचं नाव, आयएसआय खूण, आयएस २५५३ हा मानक क्रमांक आणि काच लॅमिनेटेड असल्याची नोंद छापलेली असते. भारतात बहुतेक गाड्यांना सेंट-गोबेन सेक्युरिट किंवा असाही इंडियाची काच असते, सेक्युरिटचा एक कारखाना तर आपल्या चाकणलाच आहे. जुन्या काचेचा छापा फोनमध्ये टिपून घ्यायचा आणि नवी काच खोक्यातून निघाली की ताडून बघायचा. छापा नसलेली काच हजार रुपये स्वस्त मिळाली तरी बसवू नये.

म्हणजे सरांचा खरा प्रश्न असा झाला: क्लेम केला तर खिशातून २,५००, नाही केला तर ७,८००. क्लेममुळे वाचणार ५,३०० आणि त्यासाठी गमवायचे पाच वर्षांत दहा हजारांच्या आसपास. फायदा ८,३०० चा नव्हताच.

मी हे फोनवर सांगत होतो आणि स्पीकर चालू होता. मधेच वहिनींचा आवाज आला. "दादा, पण ही गाडी पाच वर्षं ठेवणार कोण? दसऱ्याला नवी घ्यायची म्हणतायत हे. मग बोनस राहिला काय नि गेला काय?"

बहुतेकांना असंच वाटतं की गाडी विकली की बोनस गाडीबरोबर जातो. प्रत्यक्षात बोनस मालकाचा असतो. जुनी गाडी विकली की विमा कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घेता येतं, ते तीन वर्षं चालतं, आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेजवर तेवढे टक्के सूट मिळते. नव्या गाडीचा ओन डॅमेज जुन्या गाडीच्या दुप्पट-तिप्पट असतो. म्हणजे नवी गाडी घ्यायची असेल तर बोनस आणखी जपायला हवा.

त्यांनी मनात धरलेल्या गाडीचा ओन डॅमेज मी काढून दिला. सुमारे २१,००० येत होता. त्याच्या ५० टक्के १०,५००, वर जीएसटी १,८९०. पहिल्याच वर्षी १२,३९० ची सूट. क्लेम केला असता तर ती गेली असती, आणि ऑगस्टमध्ये जुन्या गाडीवर ४,२४८ जास्त भरावे लागले असते ते वेगळेच. सहा महिन्यांत १६,६३८ रुपये जाणार, ते ५,३०० वाचवण्यासाठी.

वहिनी म्हणाल्या, "मग बदलून टाका ओ उद्याच्या उद्या उद्यमनगरात."

काच बसवताना

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे, कारण पैशाच्या हिशोबात लोक काचेचं मूळ काम विसरतात. पुढची काच गाडीच्या सांगाड्याचा भाग असते. गाडी उलटली तर छपराचा थोडा भार ती पेलते. शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना वर उसळून काचेवर टेकते आणि मग प्रवाशाकडे वळते. काच नीट चिकटलेली नसेल तर एअरबॅगच तिला बाहेर ढकलू शकते. म्हणून सीलंटमध्ये काटकसर करणाऱ्या माणसाकडे जाऊच नये.

सरांबरोबर मीही गेलो होतो. कारागिरानं आधी वायपर आणि खालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं, मग जुन्या सीलंटमधून सळईने तार आत ओवली आणि आतून-बाहेरून दोघांनी ती करवतीसारखी ओढत काच सोडवली. चौकटीवरचं जुनं सीलंट त्यानं खरवडून अगदी पातळ, सपाट थर ठेवला, पत्र्याला ओरखडा पडला तिथे प्रायमर लावला. तिथे उघडा पत्रा राहिला तर पुढच्या पावसाळ्यात गंज धरतो आणि मग पाणी पायाशी येतं. नव्या काचेच्या काळ्या पट्टीवर प्रायमर, तो वाळल्यावर तिकोनी तोंडाच्या नळीतून सीलंटची एकसारखी धार, कुठेही न तोडता. मग रबरी व्हॅक्यूम कप लावून दोघांनी काच उचलली आणि एकदाच, सरळ बसवली. बसवल्यावर सरकवायची वेळ आली तर धार फाटते. वरून टेप मारली आणि दरवाज्यांच्या काचा बोटभर खाली ठेवायला सांगितल्या, म्हणजे दार आपटलं तरी आतल्या हवेचा दाब ओल्या सीलंटवर येत नाही. गाडी संध्याकाळपर्यंत हलवायची नाही आणि दोन दिवस प्रेशरनं धुवायची नाही, ही ताकीद.

दोन गोष्टी काच काढण्याआधीच करायच्या असतात आणि त्या हमखास राहतात. पहिली फास्टॅग. तो जुन्या काचेवरून सोलला की निकामी होतो, तसाच तो बनवलेला असतो. बँकेकडून बदली टॅग आधीच मागवून ठेवावा, खात्यातली शिल्लक तशीच राहते. नाहीतर पुण्याला जाताना किणीच्या नाक्यावर जास्तीचा टोल देत उभं राहावं लागतं. दुसरी गोष्ट एचएसआरपीचा, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेटबरोबर येणारा, रंगीत स्टिकर. एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना काचेच्या आतून तो असतो, पेट्रोलला फिका निळा, डिझेलला केशरी. तोही जुन्या काचेबरोबर जातो आणि नव्यानं मागवावा लागतो.

उलट निकाल लागलेली काच

हेच गणित प्रत्येकाला क्लेमच्या विरुद्ध उत्तर देईल असं नाही. त्याच पावसाळ्यात वहिनींच्या भावाच्या एसयूव्हीची काच फुटली. २०२३ ची, दोन हजार सीसीची डिझेल गाडी, काचेच्या मागे कॅमेरा आणि पावसाचा सेन्सर. एस्टिमेट ४२,००० चं. हा कॅमेरा रस्त्याचे पट्टे आणि पुढची गाडी पाहतो, काच बदलली की त्याचं कॅलिब्रेशन करावंच लागतं, म्हणजे त्याचा कोन पुन्हा नेमका जुळवावा लागतो. केसाएवढा कोन चुकला तरी ब्रेक भलत्या वेळी लागू शकतो. त्यासाठीची यंत्रणा कंपनीच्या वर्कशॉपमध्येच होती, म्हणून बाहेरच्या स्वस्त कामाचा पर्याय नव्हता.

त्यांच्याकडे झिरो डेप आणि कन्झ्युमेबल्स दोन्ही होतं. २,००० ची वजावट जाऊन ४०,००० मिळणार होते. बोनस २० टक्के, ओन डॅमेज २६,०००. त्याच्या ८० टक्के २०,८००, करासह २४,५४४. इथे क्लेम करणंच शहाणपणाचं होतं आणि मी त्यांना तसं सांगितलं. क्लेमची नोंद त्याच दिवशी केली, काच काढण्याआधी फोटो आणि व्हिडिओवर पाहणी झाली, आणि कॅलिब्रेशनचा खर्च मजुरीत धरणार हे सर्व्हेअरकडून, म्हणजे नुकसानीची पाहणी करणाऱ्याकडून, मेलवर घेतलं. हे आधी घेतलं नाही तर बिलाच्या वेळी वाद होतो. फुटलेल्या काचेबरोबर बंपरची जुनी खोचही जोडून टाकू, असं वर्कशॉपवाल्यानं सुचवलं होतं. ते आम्ही केलं नाही. खडा काचेवर लागला आणि बंपर दुसऱ्याच वेळी घासला, हे दोन वेगळे प्रसंग आहेत. एका क्लेममध्ये ते घालणं खोटं ठरतं आणि पूर्ण क्लेम अडकू शकतो.

सरांचं पुढे ठरल्याप्रमाणे झालं. ऑगस्टमध्ये ५० टक्के बोनस धरून नूतनीकरण. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाल्यानं नवी गाडी अपेक्षेपेक्षा स्वस्त पडली. जुनी गाडी विकताना मालकी बदलण्याच्या आरटीओच्या फॉर्म २९ आणि ३० च्या प्रती ठेवल्या, त्या दाखवून विमा कंपनीकडून बोनसचं पत्र घेतलं. शोरूमच्या कोटेशनमध्ये विम्याची रक्कम बोनस न धरता लिहिलेली होती आणि बोनस आहे का असं कुणी विचारलंही नव्हतं. पत्र टेबलावर ठेवल्यावर कोटेशन बदलून आलं, बारा हजार तीनशे नव्वद रुपयांनी कमी.